काचेला बेंबी असते

मैत्रिणीने तिच्या नव्या घराचे फोटो पाठवले. नवऱ्याने माझा फोन हातात घेतला, दोन-तीन फोटो सरकवले आणि म्हणाला, "अगं, आपल्याच हॉलचे फोटो कुणी पाठवलेत तुला?"

त्याची काही चूक नव्हती. तोच गोल आरसा, तीच वेताची खुर्ची, कोपऱ्यातल्या उंच बरणीत खोचलेला तोच पांपस गवताचा झाडू, भिंतीवर त्याच तीन चौकटी आणि त्यांत तेच मातकट रंगाचे अर्धे सूर्य. दोन घरांत फरक एवढाच, की आमच्या सोफ्यावर शाईचा डाग आहे. म्हणजे एवढा खर्च करून आमच्या घराचं स्वतःचं असं जे काही होतं, ते मुलाने पहिलीत असताना केलेलं होतं.

यापुढे घरात येईल ते वेगळंच येईल, असं मी त्या रात्री जाहीर केलं.

"वेगळं म्हणजे कसं?" सासूबाईंनी विचारलं.

"दुसऱ्या कुणाकडे नसेल असं, आई."

"मग ते दुसऱ्या कुणी का नाही घेतलं?"

याचं उत्तर मी अजून शोधते आहे.

सुरुवात जुन्या काचसामानापासून केली. माझा स्वभाव असा, की पोहायला शिकायचं म्हटलं तरी आधी चार पुस्तकं वाचीन. त्यामुळे पहिले पंधरा दिवस नुसता अभ्यास. फुंकून केलेल्या काचेच्या बुडाशी एक खरबरीत वण असतो. भट्टीपाशी ती वस्तू ज्या लोखंडी सळईवर तोलून धरलेली असते, ती सळई शेवटी मोडून वेगळी करतात, त्याची ती खूण. थोडक्यात, काचेला बेंबी असते. चांगले कारागीर ती घासून गुळगुळीत करतात, पण तिथे बोट फिरवलं की खळगा लागतो. साच्यात दाबून केलेल्या काचेला बेंबी नसते, तिच्या अंगावर साच्याची शिवण असते. हाताने कापलेल्या नक्षीच्या कडा बोटाला टोचतात, साच्यातल्या नक्षीच्या कडा जिभेवर विरघळलेल्या खडीसाखरेसारख्या बोथट लागतात.

हे ज्ञान डोक्यात राहिलं असतं तर बरं झालं असतं. ते हातात उतरलं. दिसेल ती काच मी उलटी करून बूड बघायला लागले. दुकानात ठीक आहे, पण एकदा नवऱ्याच्या साहेबांकडे गेलो असताना हातात आलेला पेला मी सवयीने उलटा केला. पेल्यात पाणी होतं. पाणी साहेबांच्या गालिच्यावर गेलं आणि पेल्याच्या बुडाला साधी शिवण निघाली.

मग टिचकीचा नाद लागला. शिसं घातलेल्या क्रिस्टलला नखाने टिचकी मारली की नाद लांबत जातो, साधी काच 'टक्' करून गप्प बसते. युरोपातल्या नियमाप्रमाणे 'लेड क्रिस्टल' म्हणवून घ्यायला काचेत निदान 24 टक्के लेड ऑक्साइड लागतं. त्यामुळे अशा भांड्यात पेय फार काळ भरून ठेवू नये, शिसं त्यात उतरतं. हे ऐकल्यावर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे यात काही ठेवायचं नाही, नुसतं वाजवायचं?" मी हो म्हटलं. त्या कानांना हात लावून आत गेल्या.

एवढी तयारी करूनही पहिल्याच खरेदीत फसले. एका दुकानात सुरई दिसली. लखलखीत, जड, नितळ. टिचकी मारली तर घंटेसारखी वाजली. घरी आणून साबणाने धुतली, पुसली आणि वाळत ठेवली. सकाळी बघते तर सुरईला मोतीबिंदू झालेला. पोटात नुसतं पांढुरकं धुकं. व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली, कारण धुकं क्षारांचं असेल तर व्हिनेगरने जातं. गेलं नाही. वर्षानुवर्षं ओल राहून काचच झिजली असेल तर ती काही केल्या नितळ होत नाही. ओली असताना मात्र छान दिसते, म्हणूनच विकताना काही लोक आतून तेलाचा हात फिरवतात. मी साबणाने दुकानदाराची सगळी कलाकुसर धुऊन टाकली होती.

सन 1291 मध्ये व्हेनिसने आगीच्या भीतीने काचेच्या भट्ट्या शहरातून उचलून मुरानो बेटावर हलवल्या. आमच्या घरीही साधारण याच सुमारास मला माझ्या काचांसकट बाल्कनीत हलवावं असा ठराव मांडला गेला. अनुमोदन मुलाचं.

पण मला युरेनियम काचेने पछाडलं होतं. एकोणिसाव्या शतकात काचेला पिवळसर हिरवा रंग आणायला तिच्यात थोडं युरेनियम घालत. अशी काच अतिनील प्रकाशात पेटल्यासारखी हिरवीगार चमकते. पुढे अमेरिकेत 1929 च्या मंदीनंतर कारखान्यांनी साच्यातली रंगीत काच ढिगाने काढली. तीतली बरीच गिऱ्हाइकांना वस्तूंबरोबर फुकट वाटली गेली आणि तिच्या हिरव्या रंगातही काही ठिकाणी युरेनियम होतं. "फुकट वाटलेलं हुडकून विकत घ्यायला निघालीस?" इति सासूबाई. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि अतिनील बॅटरी मागवली.

बॅटरी घेऊन जुन्या सामानाच्या दुकानात गेले आणि दिवे मालवायची विनंती केली. दुकानदार भला माणूस. त्याने दिवे मालवले, वर शटरही अर्धं ओढलं. मी बॅटरी लावली. कपाटातली एक काच चमकेल तर शपथ. चमकत होते ते दोनच पदार्थ, माझा पांढरा शर्ट आणि त्याचा. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जे रसायन घालतात, ते या प्रकाशात निळंशार उजळतं. काळ्याकुट्ट दुकानात दोन बिनडोक्याचे शर्ट समोरासमोर उभे. "मॅडम, नक्की काय शोधताय?" समोरच्या शर्टाने विचारलं.

सहाव्या दुकानात मिळाली. अंगठ्याएवढी मीठदाणी, पण काय चमकली म्हणून सांगू! तरी मनात धाकधूक होतीच, कारण नुसतं मँगनीज असलेली काचही या प्रकाशात फिकट हिरवी दिसते आणि अनेक जण त्यावरच फसतात. ही फिकट नव्हती. नवऱ्याने मात्र ती बेडरूममध्ये ठेवू दिली नाही. शोकेसमध्ये ठेवायला अशी काच निर्धोक समजतात हे मी चार वेळा सांगितलं. त्याने चारही वेळा पलंग भिंतीकडे सरकवला.

खरी अडचण पुढेच होती. मीठदाणी उजेडात चमकत नाही. पाहुणे आले की दारं लावायची, पडदे ओढायचे, दिवे घालवायचे. "वीज गेली वाटतं," पाहुणे म्हणायचे. मी अंधारात चाचपडत बॅटरी शोधायची. मग शोकेसमध्ये तो हिरवा ठिपका. क्षणभर शांतता. एक मावशी म्हणाल्या, "छान आहे. आमच्याकडे रिमोटचा बल्ब आहे, सोळा रंग बदलतो."

जुन्याला कंटाळून नव्याकडे वळले. हाताने काम करणाऱ्या नव्या कलाकारांचं प्रदर्शन होतं. तिथे एका मुलीचे मातीचे कप इतके आवडले, की मी सहा मागितले. "अगदी यासारखेच," मी म्हटलं.

"यासारखा हा एकच आहे, काकू."

"बरं, जवळपासचे?"

तिने शांतपणे समजावलं. चाकावरचा कप वाळताना आणि भट्टीत भाजताना साधारण दहा-बारा टक्के आटतो. भट्टी बाराशे अंशांच्या वर जाते आणि कप कोणत्या कोपऱ्यात होता त्यावर ग्लेझचा, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपाचा, रंग ठरतो. बुडाची कडा कोरी ठेवलेली असते, नाहीतर वितळलेलं ग्लेझ कपाला फळीशी चिकटवून टाकतं. मी अर्थातच कप उलटा करून तपासलं. या वेळी आधी आत बघितलं.

सहा कप घेतले, सहा उंचीचे. वेगळेपणा हवा होता, तो घरात आला आणि पहिल्याच दिवशी मोठा कप कुणाचा यावरून भांडण झालं. कपांची कोरी बुडं टेबलावर ओरखडे काढतात म्हणून खाली चकत्या आणल्या. चकत्या मैत्रिणीकडे आहेत तशाच निघाल्या.

परवा रात्री पाणी प्यायला उठले तर बाथरूममध्ये जांभळा उजेड. सासूबाई वाकून माझी बॅटरी कमोडभोवतीच्या फरशीवर फिरवत होत्या. फरशीवर पिवळट ठिपक्यांचं नक्षत्र उमटलं होतं.

"हे आज कुणी धुतलं?"

"तुमच्या मुलाने, आई."

"तरीच." त्यांनी बॅटरी बंद केली, पदराने पुसली आणि स्वतःच्या कनवटीला लावली. "उद्या येताना याचे सेल आण. चार आण."