घटोत्कचाचा सांगाडा आणि झोपलेलं जनुक

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एका काकांनी तो फोटो पुन्हा टाकला. खड्ड्यात आडवा पडलेला अवाढव्य मानवी सांगाडा, शेजारी मुंगीएवढी माणसं. 'घटोत्कचाचा सांगाडा सापडला, लष्कराने परिसर बंद केला. पूर्वजांमधलं राक्षसी उंचीचं जनुक आता झोपलंय. आजही नऊ फुटी माणसं होतात, हाच पुरावा.' खाली नमस्कारांची रांग.

काका, फोटोचं आधी उरकतो. तो २००२ साली वर्थ१००० या साइटवरच्या फोटो-करामतीच्या स्पर्धेसाठी बनवलेला आहे. मूळ उत्खनन न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कचं, आणि तिथे निघाला होता मॅस्टोडॉन, म्हणजे हत्तीचा नामशेष भाऊबंद.

बरं, फोटो खरा धरू. सहा फुटी माणूस साठ फुटी केला, तर हाडाची जाडी मोजणारा छेद शंभरपट होतो, वजन मात्र हजारपट. सत्तर किलोचे सत्तर टन! हाडावर दहापट ताण. हत्तीचे पाय हरणासारखे नसून खांबासारखे असतात, ते याचसाठी. फोटोतल्या महाशयांच्या मांडीचं हाड तुमच्या-माझ्यासारखंच सडपातळ आहे.

आता ते 'झोपलेलं जनुक'. इथे गाडी पार उलटी धावते. वयात येताना हाडांच्या टोकांच्या वाढीच्या पट्ट्या बुजतात आणि उंची थांबते. त्याआधीच मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ होऊन वाढीचं संप्रेरक बेसुमार स्रवू लागलं, तर माणूस वाढतच राहतो. काही घराण्यांत याचं मूळ एआयपी या जनुकात असतं. या जनुकाचं काम गाठ होऊ न देण्याचं. ते बिघडलं की ब्रेक निकामी. म्हणजे जागं झालेलं काही नाही, मोडलेलं आहे. शिवाय बिघाड असलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही. अठराव्या शतकातला आयरिश 'राक्षस' चार्ल्स बर्न घ्या. १९०९ मध्ये अमेरिकी मेंदू-शल्यविशारद हार्वी कुशिंग यांना त्याच्या कवटीत पिट्युटरीची खोबण रुंदावलेली दिसली, आणि २०११ मध्ये त्याच्या दातांतल्या डीएनएमध्ये हाच बिघाड सापडला.

नऊ फुटी म्हणजे अमेरिकेतला रॉबर्ट वॅडलो, नोंदींतला सर्वांत उंच माणूस, २७२ सेंटिमीटर. पायांना आधाराच्या पट्ट्या लावून चालायचा. पट्टीने झालेला फोड चिघळला आणि १९४० साली तो बाविसाव्या वर्षी गेला. याला भीमाचा वारसा म्हणायचं?

पूर्वजांचे सांगाडेच बघायचे तर शिरूर तालुक्यातलं इनामगाव जवळ आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे खोदकाम केलं. तीनेक हजार वर्षांपूर्वीचे लोक घरातच पुरलेले निघाले, मोठ्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले. उंची मात्र आपल्यासारखीच.