धोका टपावर नाही, सीटखाली आहे

व्हॅनवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "कॅम्परच्या (झोपायची सोय केलेल्या व्हॅनच्या) टपावर ४०० वॅटचं सोलर टाका. घरातली दीडची (१.५ चौरस मिमी) वायर चालते. १२ व्होल्टला शॉक नाही, मग फ्यूज कशाला? पॅनल थेट बॅटरीला जोडा आणि रात्रभर एसी लावून झोपा." कासारवडवलीच्या आमच्या सोसायटीतल्या दोघांनी तो मला पाठवून विचारलं, करायचं का? करा, पण असं नाही.

शॉकचं म्हणणं बरोबर आहे. पण वायर तापते ती करंटने. ४०० वॅटला १२ व्होल्टवर तेहेतीस अँपिअर लागतात. घरी २३० व्होल्टवर तेच काम पावणेदोन अँपिअरमध्ये होतं. दीडची वायर घरी पुरते ती म्हणून.

हा उद्योग मी स्वतः करून बसलोय. जुन्या ट्रॅव्हलर व्हॅनवर शंभर वॅटची चार पॅनलं समांतर जोडली आणि बॅटरीपर्यंत दीडची तांब्याची वायर ओढली. अंतर पाच मीटर, म्हणजे जाऊन येऊन दहा. वीस अँपिअर वाहिले की एवढ्या वायरीत २.४ व्होल्ट जिरतात. त्यात मे महिना. घोडबंदर रोडला उन्हात उभ्या गाडीवर पॅनल पासष्ट अंशांपर्यंत तापतं आणि त्याचे १८ व्होल्ट १५-१६ वर येतात. त्यातून वायरीचा वाटा गेला की उरतं काय? बॅटरी पूर्ण भरायला १४.४ च्या आसपास लागतात. भर दुपारी कडक ऊन आणि बॅटरी अर्धीच! महिनाभर मी बॅटरीलाच शिव्या घातल्या. शेवटी छताचं अस्तर उचकटलं, तर जॉइंटवरची टेप गुळासारखी चिकट झालेली आणि कनेक्टरचं पांढरं प्लास्टिक तपकिरी. सहा स्क्वेअरची, म्हणजे ६ चौरस मिमीची जाड सोलर वायर टाकल्यावर तोच तोटा ०.६ व्होल्टवर आला.

आता फ्यूज. पॅनल शॉर्ट झालं तरी नेहमीपेक्षा जेमतेम जास्त करंट देतं, त्यामुळे लोक गाफील राहतात. सीटखालची १५० एएचची (अँपिअर-अवरची) बॅटरी मात्र शॉर्ट झाली की हजारभर अँपिअर ओकू शकते. आपल्या रस्त्यांवर गाडी हादरत राहणार आणि वायर पत्र्याच्या धारेवर घासत राहणार. म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरात हवा, वायर जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवायची रिंग) हवा. घरची एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच) काढून लावू नका. घरच्या विजेचा एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून त्याची ठिणगी विझते. बॅटरीच्या डीसीची, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटची, तशी विझत नाही. डीसी लिहिलेलीच एमसीबी घ्या.

थेट जोडणी? लोड नसताना शंभर वॅटचं पॅनल २२ व्होल्टच्या आसपास दाखवतं. मध्ये चार्जिंग आटोक्यात ठेवणारा कंट्रोलर नसेल तर लेड-ॲसिड बॅटरी भरल्यावरही चार्ज होतच राहते. पाणी आटतं, हायड्रोजन सुटतो, आणि त्याच सीटवर रात्री तुम्ही झोपता. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल, काढताना उलट.

राहिला एसी. एक टनाचा एसी चालू असताना साधारण हजार वॅट घेतो. आठ तासांत कंप्रेसर निम्माच वेळ चालला तरी चार युनिट झाली. ४०० वॅटचं पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला दीड युनिट देतं, आणि १५० एएचची लेड-ॲसिड बॅटरी जपून वापरली तर एक युनिटही देत नाही. पंखा, दिवे, छोटा डीसी फ्रिज, मोबाइल, एवढं आरामात निघतं. जुलैत तेही मोजूनमापून.

दोघांपैकी एकाने सहा स्क्वेअरची वायर आणि फ्यूज आणलाय, रविवारी बसणार आहोत. दुसऱ्याच्या डोक्यातून एसी अजून उतरलेला नाही.