याचं तोंड कुणी फोडलं?

आज सकाळी दुधाची पिशवी कापायच्या आत तो व्हिडिओ चार ग्रुपवर येऊन पडला होता. पडद्यावर आग, मागे ढोल, आणि भसाड्या आवाजात एक बाबा सांगतोय: गर्विष्ठ राजा सन्हेरीब! एका रात्रीत १,८५,००० सैनिक ठार! लंडनच्या म्युझियममध्ये पुरावा! ग्रंथातला शब्द न् शब्द विज्ञानाने सिद्ध! (सन्हेरीब म्हणजे प्राचीन अश्शूरचा राजा. तो यरुशलेमवर चालून आला तेव्हा देवाच्या दूताने एका रात्रीत त्याचं एवढं सैन्य मारलं, असं आमच्या ग्रंथात आहे, म्हणजे बायबलच्या जुन्या करारात.) खाली अंगठे, जोडलेले हात, शालोम शालोम. त्यात जुन्या ऑफिसातल्या एका मित्राने, एरवी भला माणूस, लिहिलं, "सोड गं, आजीच्या गोष्टी आहेत. मागाहून बसून रचलेल्या." पुढे हसरा चेहरा.

दोघांचाही राग आला. व्हिडिओवाल्याचा जरा जास्तच, कारण तो आमच्या बाजूचा, ग्रंथ मानणाऱ्यांतला. (आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी.)

आज शुक्रवार, संध्याकाळी शाब्बाथ लागेल, आमचा विश्रामाचा दिवस. किद्दुशच्या, म्हणजे शाब्बाथच्या आशीर्वादाच्या, सरबतासाठी काळ्या मनुका भिजत घातल्यात, कोंबडी शिजतेय, दिवे लावायला अजून अवकाश आहे. तोवर लिहून मोकळी होते.

तो पुरावा मी पाहिलाय. आईबरोबर पाहिलाय. भाऊ लंडनला होता तेव्हा आई आणि मी महिनाभर गेलो होतो. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, अंगात पाचवारी, वरून भावाचं जाडं जॅकेट, पायात स्पोर्ट्स शूज. ब्रिटिश म्युझियमला फुकट सोडतात हे कळल्यावर तिने तीन वेळा न्यायला लावलं. सन्हेरीबाच्या महालातल्या दगडी पाट्या एका लांबट खोलीत तिन्ही बाजूंनी लावलेल्या आहेत. निनवे म्हणजे आजच्या इराकमधल्या मोसूलच्या अंगाला. तिथून एकोणिसाव्या शतकात खणून आणल्या त्या. त्यांच्यावर कोरलाय लाखीशचा पाडाव. लाखीश हे यहूदाच्या, म्हणजे तेव्हाच्या यहुद्यांच्या राज्यातलं, राजधानी यरुशलेमच्या खालोखाल मोठं तटबंदीचं शहर. इ.स.पू. ७०१.

मी कौतुकाने पाट्यांखालची माहिती वाचत होते. हे बघ चढण बांधून तटावर चढवलेली यंत्रं, हे बघ धनुर्धारी, हे बघ माणसं सुळावर दिलीत. आईचं लक्षच नाही. ती एका कोपऱ्याशी नाक लावून उभी.

"अगं, ह्या बायकांनी डोक्यावरून पदर घेतलाय."

खरंच घेतलाय. शहर सोडून चाललेल्या बायका. डोक्यावरून घेतलेलं लांब वस्त्र थेट घोट्यापर्यंत आलेलं, पाठीवर पिशव्या, पाय अनवाणी. बैलगाडी आहे, गाडीवर बोचकी, बोचक्यांवर बसलेली मुलं. आई म्हणाली, "बोचकी बांधायला वेळ मिळाला वाटतं." आणि बाकावर जाऊन बसली. अर्धा तास उठली नाही.

व्हिडिओवाल्या बाबाच्या व्हिडिओत ही एकही बाई नाही. त्याला फक्त मेलेले सैनिक हवेत.

आता जरा त्या राजाचं. सन्हेरीबाची स्वतःची नोंद आहे, मातीच्या सहा बाजूंच्या खांबुल्यावर, वीतभर-दोन वीत उंचीचा असेल, अक्षर इतकं बारीक की मुंग्या चालून गेल्यासारखं. त्यात तो लिहितो की यहूदाची ४६ तटबंद शहरं घेतली, २,००,१५० माणसं बाहेर काढली, आणि यहूदाच्या हिज्कीया राजाला त्याच्याच यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं. नंतर खंडणीची यादी. ३० किक्कार सोनं, ८०० किक्कार चांदी. एक किक्कार म्हणजे साधारण तीस किलो.

यादी वाचून झाली की एक गोष्ट शोधा. यरुशलेम घेतलं असं कुठे आहे? नाही. कोंडलं म्हणतो, घेतलं म्हणत नाही. ज्या राजाने आपल्या महालाचं नाव 'जोड नसलेला महाल' ठेवलं, त्याने राजधानी पडली असती तर ती भिंतीवर कोरायची सोडली असती? त्याने कोरलं लाखीश. जे हाताला लागलं ते.

आता आमचं पुस्तक. त्यातला '२ राजे' हा भाग, अध्याय १८. घरातली जुनी मराठी प्रत आत्ता मांडीवर आहे, पानं पिवळी होऊन कडेने तुटायला आलीत. हिज्कीया सन्हेरीबाला निरोप पाठवतो की माझी चूक झाली, माघारी जा, म्हणशील ते देतो. मग ३०० किक्कार चांदी आणि ३० किक्कार सोनं भरतो, आणि ते भरायला देवाच्या मंदिराच्या दारांवरचं सोनं खरवडून काढतो. स्वतःच मढवलेलं सोनं. बघा, सोन्याचा आकडा दोन्हीकडे ३०. चांदी जुळत नाही. नसेल जुळत. खंडणीची रक्कम देणारा आणि घेणारा सारखी सांगतायत असं आपल्याकडे तरी कधी झालंय?

मित्रा, आजीच्या गोष्टी म्हणालास ना? कुठली आजी आपल्या घरच्या राजाने देवाच्या दाराचं सोनं खरवडल्याचं नातवंडांना सांगेल? आणि हा हिज्कीया म्हणजे ऐरागैरा नाही, चांगल्या राजांतला चांगला. त्याची भीती, त्याची गयावया, सगळं लिहून ठेवलंय. मागाहून रचायचंच होतं तर ह्या तीन ओळी गाळायला काय लागत होतं?

त्याच्या पुढचं तर फार झोंबतं. सन्हेरीबाचा सरदार रब्शाके तटाखाली येऊन ओरडतो. हिज्कीयाचे अधिकारी हळूच म्हणतात की अरामीत बोला, आम्हांला कळते, तटावरच्या लोकांसमोर आपल्या भाषेत नको. (साहेब, जरा इंग्लिशमध्ये बोला ना, शिपाई ऐकतायत. तसंच.) तो मुद्दाम आवाज चढवून लोकांच्या भाषेत सांगतो की तुम्हांला स्वतःची विष्ठा खावी लागेल, स्वतःचं मूत प्यावं लागेल. आजवर कुठल्या देवाने आपला मुलूख अश्शूरच्या हातून सोडवलाय? तुमचा कोण लागून गेलाय? शत्रूचं हे भाषण आमच्या पवित्र ग्रंथात पुरतं उतरवून घेतलंय, एकदा राजांच्या पुस्तकात आणि पुन्हा यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात. अडीच हजार वर्षं आम्ही ते वाचतोय. बरं, चवीने वाचतोय.

मला पुस्तकाचा भरवसा वाटतो तो इथे. ढोल वाजवून सिद्ध केलेल्या आकड्यात नाही.

आकड्याचं विचाराल तर, हो, १,८५,००० एका रात्रीत, याला अश्शूरकडून दुजोरा नाही, आणि मिळायचाही नाही. कुणी म्हणतं रोगराई आली. ग्रीकांचा इतिहासकार हिरोडोटस सांगतो की इजिप्तच्या वेशीवर रात्री उंदरांनी सन्हेरीबाच्या सैन्याच्या प्रत्यंचा कुरतडल्या. कुणी म्हणतं काही झालं नाही, खंडणी मिळाली आणि गेला. चालेल. तो गेला आणि शहर राहिलं, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत आहे.

आईला तिथे बाकावर हे सांगायला गेले तर म्हणाली, "तुझं चालू दे." आणि समोरच्या पाटीकडे बोट केलं. तिथे सन्हेरीब सिंहासनावर बसलाय. डोंगराळ भाग, मागे चवरी ढाळणारे, पुढे लाखीशची लूट चाललीय. डोक्याशी लेख कोरलेला: सन्हेरीब, विश्वाचा राजा. आणि विश्वाच्या राजाला तोंडच नाही. मुकुट आहे, हात आहेत, तोंडाच्या जागी दगड ठेचलेला.

"याचं तोंड कुणी फोडलं?" आई एवढ्या मोठ्याने म्हणाली की पलीकडची शाळेची पोरं वळून बघायला लागली.

इ.स.पू. ६१२ मध्ये निनवे पडलं, तेव्हा लुटणाऱ्यांपैकी कुणीतरी फोडलं असावं असं म्हणतात. म्हणजे एवढ्या मोठ्या महालात, आग लागलेली, लुटालूट चाललेली, आणि एक माणूस हातोडा घेऊन ह्या पाटीपाशी थांबला. नेमकं तोंड शोधून फोडलं. बाजूच्या शिपायांना हात लावला नाही. कोण असेल तो? बाबेलचा, म्हणजे बॅबिलॉनचा? इराणकडचा मेदी? मला उगाच वाटतं की त्या बैलगाडीवरच्या कुणा पोराचा पणतू. पुरावा शून्य. म्हातारीचा रोमान्स समजा.

आमच्यात असंही काही जण म्हणतात की आपण कोकणात आलो तेच मुळी अश्शूरने हाकललेल्या इस्राएलच्या दहा वंशांतून. याचाही पुरावा नाही, आणि मला त्याची गरजही वाटत नाही. आमच्याकडे काय होतं ते सांगते. अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पुस्तकं समुद्रात गेली. ही आमची गोष्ट. पुढे शतकानुशतकं आमच्याकडे पुस्तक नव्हतं. 'शमा', म्हणजे देव एकच असं सांगणारी प्रार्थना, पाठ होता, शनिवारी तेलाचा घाणा बंद असायचा, पोरांची सुंता व्हायची, बिनखवल्याचा मासा चुलीवर चढत नसे. बस. ग्रंथाची खात्री कशावरून, असं आम्हांला विचारणाऱ्यांनी आधी हे ऐकावं. ग्रंथ नसताना आम्ही तेली लोकांनी तो पाळला. नंतर छापील मराठीत हातात आला, तोही मिशनऱ्यांच्या कृपेने, आणि त्यांचा हेतू काही आम्हांला चांगले यहुदी करायचा नव्हता. असो. तो विषय काढला की मला रात्र पुरणार नाही.

न्यायाचं म्हणाल तर यशयाने एका ओळीत सांगितलंय. अश्शूर म्हणजे देवाच्या हातातली छडी. आणि पुढे विचारतो की कुऱ्हाड ती चालवणाऱ्यापुढे तोरा मिरवील काय? (आमच्या घरी यावर जुना विनोद आहे. तोरा मिरवावा तो फक्त सिम्हाथ तोराला. तोरा म्हणजे आमचा धर्मग्रंथ, आणि सिम्हाथ तोरा हा त्याचा सण.) हे वाक्य व्हिडिओवाल्याने पुन्हा वाचावं. छडी कुणाच्या पाठीवर पडत होती? आमच्याच. यशया आधी आपल्या लोकांना झोडतो, मग छडीला झोडतो. ह्यांना फक्त दुसरा अर्धा भाग पाहिजे, ढोलांसकट.

शेवट तर माहीतच आहे. सन्हेरीब आपल्या दैवताच्या देवळात पूजा करत असताना पोटच्या मुलांनी तलवारीने मारला. हे नुसतं आमचं पुस्तक नाही म्हणत, बाबेलच्या नोंदींतही मुलाने मारल्याचं आहे, इ.स.पू. ६८१. वाचताना वाटतं की परतला आणि आठवड्यात मेला. मधे वीस वर्षं गेली, हे मान्य. आणि आणखी एक, हे लिहायला मला आवडत नाहीये: त्याने इ.स.पू. ६८९ मध्ये बाबेल उद्ध्वस्त केलं होतं, म्हणून बाबेलवाले म्हणतात तो न्याय आमच्या मर्दुकाने केला. एकाच खुनावर दोन देवांचा दावा. मित्र आता हे वाचून टाळ्या वाजवील. वाजव.

पण बघ ना रे, दोन्ही लोक, एकमेकांना पाण्यात पाहणारे, एकाच माणसाबद्दल म्हणतायत की ह्याचं माप भरलं होतं. तुला ते थोतांड वाटतं. मला त्या बायका दिसतात, पदर घेतलेल्या. त्यांनीही मनात कुणाला तरी हाक मारली असेलच की. वीस वर्षांनी त्यातली एखादी निनवेच्या आसपास कुठे दगड उचलत, कुणाचं पीठ दळत जिवंत असेल, तिला कळलं असेल की राजाला त्याच्या पोरांनी मारला. ती काय म्हणाली असेल? तिला तू विज्ञान विचारणार आहेस का?

चिडले. पाणी पिऊन आले. मनुका छान फुगल्यात.

मित्राला एवढं बोलायला नको होतं. त्याच्या आईच्या आजारपणात तो रात्र रात्र हॉस्पिटलात बसला होता, देव न मानता. माझी आई गेली तेव्हा ठाण्याच्या मशिदीत (आम्ही सिनेगॉगला मशीदच म्हणतो, नवीन लोकांनी दचकू नये) टोपी घालून शेवटच्या बाकावर तोच बसला होता. त्याने गोष्टी म्हटलं तर म्हणू दे.

व्हिडिओ आला होता इस्राएलमधल्या आश्दोदच्या मावशीकडून. आईची धाकटी बहीण, आता एकटीच उरलीय. तिला मी काही लिहिलं नाही. उद्या रात्री शाब्बाथ सुटला की तिचा फोन येईल, पहिला प्रश्न असेल, "बघितलास का गं?" बघितला म्हणेन. मग तिला लंडनचं सांगेन म्हणते, ते राहूनच गेलंय. पदराचं ऐकून ती नक्की विचारणार, रंग कुठला होता. दगडाला कुठला रंग, मावशी. पण ती विचारणारच.

चला, दिवे लावायची वेळ झाली. फोन बंद करतेय. कॉमेंटमध्ये भांडायचं असेल तर उद्या रात्री.