तंबूला दारं दोनच होती

परवा रात्री जेवताना भाच्याशी चांगलंच वाजलं. विषय युक्रेनवरून निघाला, तैवानवर गेला आणि शेवटी गाडी भारतावर आली. त्याचं म्हणणं एकच. "मावशी, कधी ना कधी बाजू घ्यावीच लागते. आपण सत्तर वर्षं कुंपणावर बसलो. ना इकडचे, ना तिकडचे."

मी विचारलं, "कोरियात आपले सैनिक गेले होते, ठाऊक आहे का?"

भाकरी मोडता मोडता त्याचा हात थांबला. "कोरियात? आपले? कशाला?"

त्याचा दोष नाही. शीतयुद्ध म्हटलं की आपल्याला बर्लिनची भिंत, क्यूबातली क्षेपणास्त्रं आणि चंद्राची शर्यत आठवते. कोरियाचे कैदी कुणी सांगतच नाही. त्याला अकरा वाजेपर्यंत बसवून जे सांगितलं, तेच इथे लिहिते आहे.

25 जून 1950 रोजी उत्तर कोरियाचं सैन्य 38 अक्षांशाची रेषा ओलांडून दक्षिणेत घुसलं. उत्तरेमागे सोव्हिएत रशिया, दक्षिणेच्या मदतीला संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली अमेरिका, आणि काही महिन्यांत चीनही उतरला. वर्षभर आघाडी खालीवर सरकली आणि जिथून सुरुवात झाली तिथेच येऊन अडकली. जुलै 1951 मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या, पण शस्त्रसंधीवर सह्या व्हायला 27 जुलै 1953 उजाडला. मधली दोन वर्षं माणसं टेकड्यांवर मरत राहिली. आघाडी कुठे थांबवायची हे त्यातल्या त्यात लवकर ठरलं. घोडं अडलं ते युद्धकैद्यांवर.

1949 चा जिनिव्हा करार सांगतो, लढाई संपली की कैद्यांना विनाविलंब मायदेशी पाठवा. चीन आणि उत्तर कोरिया म्हणाले, मग आमचे सगळे परत द्या. अमेरिका म्हणाली, ज्यांना जायचं नाही त्यांना आम्ही बळजबरीने पाठवणार नाही. ऐकायला दुसरी भूमिका माणुसकीची वाटते, आणि तिच्यात माणुसकी होतीही. चिनी कैद्यांत पूर्वी चँग कै-शेकच्या, म्हणजे चिनी कम्युनिस्टांकडून हरून तैवानला गेलेल्या नेत्याच्या, फौजेत असलेले बरेच जण होते, त्यांना परत जायची खरोखर धास्ती होती. पण छावण्यांच्या आत काय चाललं होतं? कम्युनिस्टविरोधी टोळक्यांनी कैद्यांच्या अंगावर घोषणा गोंदवल्या. एकदा कातडीवर 'कम्युनिस्टांचा धिक्कार' कोरला गेला की तो माणूस कोणत्या तोंडाने घरी जाणार? परत जायचं म्हणणाऱ्यांना मारहाण झाली, काहींचे जीव गेले. कम्युनिस्ट कैद्यांच्या बराकीही मागे नव्हत्या. मे 1952 मध्ये दक्षिण कोरियातल्या कोजे बेटावरच्या छावणीत त्यांनी छावणीचा प्रमुख असलेल्या अमेरिकन जनरललाच ओलीस धरलं होतं.

मला या सगळ्या स्पर्धेतली सर्वांत भयंकर गोष्ट हीच वाटते. बॉम्ब भयंकर होतेच. पण शेतावरून उचलून बंदूक हातात दिलेला वीस-बावीस वर्षांचा पोरगा दोन्हीकडच्यांना कशासाठी हवा होता? आमची व्यवस्था श्रेष्ठ, हा बघा पुरावा, असं जगाला दाखवायला. त्याची आई गावात वाट बघत असेल हे कुणाच्या हिशोबातच नव्हतं.

कोंडी फोडणारा ठराव संयुक्त राष्ट्रांत भारताने मांडला. मांडणारे तिथले आपले प्रतिनिधी कृष्ण मेनन. डिसेंबर 1952 मध्ये तो मंजूर झाला, तेव्हा मॉस्कोने त्यावर कडाडून टीका केली. पुढे मार्च 1953 मध्ये स्टालिन गेला, हवा बदलली, आणि त्याच धर्तीवर तोडगा निघाला. परत जायला तयार नसलेले कैदी पाच तटस्थ देशांच्या आयोगाकडे सोपवायचे. स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत. अध्यक्षपद भारताकडे, जनरल थिमय्यांकडे. आणि कैद्यांची प्रत्यक्ष राखण करायला फक्त भारतीय फौज. बाकी कुणाच्या फौजेवर दोघांचाही विश्वास नव्हता. भाच्याला म्हटलं, कुंपणावर बसणाऱ्याला कुणी असं काम देतं का?

त्या फौजेचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात. आमच्या कोल्हापूरकडचे, वडगावचे. आमच्या भागातल्या पोरांनाही हे माहीत नसावं याचं मला खरंच वाईट वाटतं.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांचा भारतावर इतका राग, की भारतीय सैनिकाला आपल्या भूमीवर पाऊल ठेवू द्यायला ते तयार नव्हते. आपल्या जवानांना किनाऱ्याजवळच्या जहाजावरून हेलिकॉप्टरने थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. तिथे त्यांनी तळ उभारला, नाव ठेवलं हिंद नगर. त्यांच्या ताब्यात अमेरिकेच्या बाजूकडून बावीस हजारांहून जास्त कैदी आले आणि चीन-उत्तर कोरियाकडून 359.

सप्टेंबरात चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला आपल्या कुंपणात ओढून घेतलं. बाहेर सशस्त्र जवान उभे, आत पिसाळलेला जमाव. एक गोळी सुटली असती तर आधी तो मेजर गेला असता आणि मागोमाग तहही. थोरात स्वतः आत गेले, त्या घोळक्यात उभं राहून बोलले आणि गोळी न झाडता आपला माणूस बाहेर काढला. त्यासाठी त्यांना अशोक चक्र, दुसरा वर्ग मिळालं, ज्याला आज आपण कीर्ती चक्र म्हणतो. सगळंच असं निभावलं नाही, तेही सांगायला हवं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आपल्या जवानांना गोळीबार करावा लागला आणि काही कैदी त्यात मेले.

आणि आता ते तंबू.

प्रत्येक कैद्याला एकेकटं तंबूत आणायचं. समोर त्याच्या देशाचे अधिकारी बसलेले, बाजूला पाच देशांचे प्रतिनिधी. अधिकारी त्याला समजावणार की घरी चल, तुला शिक्षा होणार नाही, तुझे आईवडील वाट बघतायत. तंबूला बाहेर पडायची दारं दोन. एकातून गेलास तर मायदेशी. दुसऱ्यातून गेलास तर पुन्हा कुंपणात, आणि मग कदाचित आयुष्यात कधीच घर नाही. कुणी ऐकायच्या आधीच घोषणा देत समजावणाऱ्यांच्या अंगावर धावून जायचा, मग भारतीय जवान त्याला धरायचे. कुणी मुकाट बसून राहायचा. यासाठी नव्वद दिवस ठरले होते, प्रत्यक्षात काम झालं मोजकेच दिवस. कैद्यांचे म्होरके बराकीच्या बराकी बाहेर येऊ देईनात, आणि समजावणारेही अडून बसत.

त्या जवानांची मला फार कणव येते. गढवाल, डोग्रा, जाट पलटणीतली खेडोपाडीची माणसं. कैद्याची भाषा कळत नाही. त्याचा दंड आपल्या हातात, आणि हे पोर कोणत्या दाराने जाणार, हे आपण ठरवायचं नाही. त्याच्यासाठी कुणालाच ते ठरवू द्यायचं नाही, एवढंच आपलं काम. तटस्थ असणं म्हणजे काय हे मला त्या दंड धरलेल्या हातावरून कळतं. कोरियाच्या थंडीत दोन्हीकडच्या शिव्या खात तिथे उभं राहायला लागतं.

आपली तटस्थता नेहमी अशीच सोवळी राहिली असं मी म्हणणार नाही. 1956 मध्ये हंगेरीत रशियन रणगाडे घुसले तेव्हा आपली जीभ अडखळली, ते चुकलंच. पण कोरियात जे केलं त्याची मला आजही छाती भरून येते.

23 जानेवारी 1954 ला उरलेल्यांची सुटका झाली. चौदा हजारांवर चिनी तैवानला गेले, कोरियन दक्षिणेत. दुसऱ्या बाजूला 21 अमेरिकन आणि एक ब्रिटिश सैनिक चीनकडेच राहिले, त्यातले बहुतेक पुढे परतले. दोन्ही महासत्तांनी आपापल्या आकड्यांचे ढोल वाजवले.

भाचा एव्हाना ताट तसंच ठेवून ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे सगळे इकडे नाहीतर तिकडे. शेवटी बाजू घेतलीच ना?"

सगळ्यांनी नाही. 88 जण म्हणाले, आम्हाला दोन्हीकडे जायचं नाही, तटस्थ देशात न्या. 74 उत्तर कोरियाचे, 12 चिनी, 2 दक्षिण कोरियाचे. त्यांच्यासाठी तंबूला दार नव्हतंच. भारतीय फौज परत निघाली तेव्हा त्यांना बरोबर घेऊन निघाली, आणि फेब्रुवारी 1954 मध्ये ते मद्रासच्या बंदरात उतरले.

"मग पुढे काय झालं त्यांचं?"

पुढे कायमचं घर कुठे, ते ठरायला बराच काळ गेला. मग बरेचसे ब्राझीलला गेले, काही अर्जेंटिनाला. मोजके भारतातच राहिले, इथेच संसार केला, म्हातारे झाले.