हेटाळणी नव्हे, दारातली रांग
अतींद्रिय शक्ती जाणवणारी मुले ती हेटाळणीच्या भीतीने लपवतात, हे एका लेखात वाचलेले विधान निदान आमच्या गोव्याला तरी लागू पडत नाही. जिथे लग्नापासून जमिनीच्या वादापर्यंत देवाला कौल लावून, मूर्तीवर चिकटवलेली पाकळी उजवीकडची पडते की डावीकडची हे श्वास रोखून पाहिले जाते, तिथे अशा मुलाच्या दारात रांगच लागते. सत्तरी तालुक्यातल्या माझ्या मावसबहिणीने बाराव्या वर्षी, शेजारणीची हरवलेली पाटली न्हाणीतल्या भाणामागे (पाणी तापवायच्या मोठ्या भांड्यामागे) आहे असे सहज सांगितले आणि ती तिथेच सापडली. पुढे महिनाभर लोक नारळ घेऊन येत राहिले, तेव्हा 'आता काही दिसत नाही' असे सांगून तिने सुटका करून घेतली. (खरोखरच दिसत नव्हते का, हे तिने मलाही सांगितलेले नाही.)

1930 च्या दशकात अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाईन यांनी अशी शक्ती तपासण्यासाठी, 5 चिन्हांच्या 25 पत्त्यांवरचे चिन्ह न पाहता ओळखण्याचे प्रयोग केले. त्यात निव्वळ योगायोगानेही सरासरी 5 उत्तरे बरोबर येतात. माझ्या मावसबहिणीची चुकलेली उत्तरे मात्र आमच्याकडे कोणी मोजली नाहीत, आणि नारळ परत मागायलाही कोणी आले नाही.