पाणी शेजाऱ्याच्या अंगणात कसं घालवावं

उपनगरात फ्लॅट घेतलात, वर मॅनेजिंग कमिटीवरही निवडून आलात. अभिनंदन. आता गेटवरची पाटी नीट वाचा : 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित'. यातला शेवटचा शब्द कामाचा. सहकार आहे, पण मर्यादित. मर्यादा म्हणजे कंपाउंडची भिंत.

सुरुवात मातीपासून करा. माती सोसायटीला शोभत नाही. चिखल होतो, गांडुळं निघतात आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तिथे अळू लावतात. खाली कोबा घालून वर पेव्हर ब्लॉक बसवा, गुलमोहराच्या बुंध्याला अगदी घट्ट भिडवून. चार-पाच पावसाळ्यांत तो कुणाच्या तरी गाडीवर आडवा होईल. मग उरलेल्या दोघांसाठी 'धोकादायक झाडे' म्हणून अर्ज करता येतो. पार्किंगही वाढतं.

मुरायची वाट बंद केल्यावर पाणी कुठेतरी जाणारच. ते शेजारच्या सोसायटीत जावं म्हणून आपलं कंपाउंड तिच्यापेक्षा वीतभर उंच करा. जनरल बॉडीत ठरावाला 'सौंदर्यीकरण' म्हणा. समोसे आधी वाटले तर विरोध करायला कुणाचं तोंड रिकामं नसतं. पुढच्या मे महिन्यात शेजारी दोन विती चढतील. खचू नका, तुम्ही तीन चढा. मग रस्ता काँक्रीटचा होऊन दोघांच्याही वर जाईल. तळमजल्यावरचे आजोबा पूर्वी तीन पायऱ्या चढून घरात जायचे, आता दोन उतरून जातात. त्यांना सांगा, गुडघ्यांना बरं.

संकोच वाटला तर परंपरा आठवा. सात बेटांमधल्या खाड्या बुजवूनच ही मुंबई झाली. मिठी नदी विहार आणि पवईच्या सांडव्यांवरून निघून माहीमच्या खाडीपर्यंत जेमतेम १८ किलोमीटर वाहते. तेवढ्यातही ती विमानतळाच्या आड आली, तेव्हा आपण तिलाच वळायला लावलं. खालची पाणथळ जमीन भरून वांद्रे-कुर्ला संकुल उभं केलं. जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, तीही समुद्राला ओहोटी असेल तर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, कुलाब्याला फक्त ७३. कुलाब्याने चांगली कमिटी निवडली होती, एवढाच बोध यातून घ्यावा.

खाडीलगत राहत असाल तर तिवरांचा प्रश्न येईल. ती तोडू नका. उच्च न्यायालयाने २०१८ साली मनाई केली आहे, भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यासकट. शिवाय कुऱ्हाडीचा आवाज होतो. त्यापेक्षा बाथरूम फोडल्याचा राडारोडा रात्री टेम्पोने नेऊन भरतीच्या वाटेवर टाका. खारं पाणी आत पोचलं नाही की तिवरं आपली आपण वाळतात. कुणी मारली असं म्हणता येत नाही. कोळीवाड्यातले लोक कुरकुरतील, कारण कोळंबीची आणि चिंबोऱ्यांची पिल्लं त्याच मुळांच्या आडोशाला वाढतात. त्यांच्याशी वाद नको. रविवारी चिंबोरी एवढी महाग कशी, हे मात्र त्यांनाच दरडावून विचारा.

इतकं करूनही जुलैतल्या एखाद्या रात्री भरती आणि मुसळधार पाऊस एकदम येतील. पाणी अंडरग्राउंड टाकीच्या झाकणाला टेकेल. घाबरायचं काही नाही. पंप लावा आणि पाईप भिंतीवरून पलीकडे सोडा. थोड्या वेळाने पलीकडूनही एक पाईप तुमच्या अंगणात उतरेल. त्यांचाही पंप पाच हॉर्सपॉवरचाच असल्यामुळे तेच पाणी पहाटेपर्यंत जात-येत राहील, आणि वीजबिल दोन्हीकडे सारखं येईल. ही बरोबरी तुम्हाला मान्य होता कामा नये. साडेसात हॉर्सपॉवरचा पंप आणायला वॉचमनला लगेच पाठवा. पोहता येतं का, तेवढं आधी विचारून घ्या.