पितळ उघडं पडू नये म्हणून

तुम्ही अद्भुतकादंबरी लिहायला घेतलीत, आनंद वाटला. नकाशा काढून झाला असेलच. उत्तरेला बर्फ, दक्षिणेला वाळवंट आणि मधून वाहणारी एक नदी, जी समुद्राकडे जाताना दोनदा डोंगर चढते. चालतं. आता धातू हवा. दुर्मीळ, जादुई धातूशिवाय पाच खंड होत नाहीत, ओढूनताणून दीड होतो. तलवार साध्या लोखंडाची ठेवलीत तर नायकाला ती चालवायला शिकवावी लागेल, त्यात दोन प्रकरणं जातील आणि तलवारबाजीतलं तुम्हाआम्हाला काय कळतं? जादुई धातूची तलवार घरूनच शिकून आलेली असते.

आधी नाव ठरवा. नाव असं हवं, की वाचकाने ते मनातही एका दमात म्हणू नये. इंग्रजी लेखक बिचारे नावात मध्येच अपॉस्ट्रॉफी टाकून भागवतात, आपल्याकडे जोडाक्षरांची खाण आहे. शेवटी 'आयस' लावलंत की थेट ऋग्वेदाचं वजन येतं. फक्त 'अयस्कांत' ठेवू नका. संस्कृतात तो लोहचुंबक आहे, आणि तुमच्या मोजक्या वाचकांत एक निवृत्त संस्कृत शिक्षक नक्की असतील. मी माझ्या धातूला 'ह्रीमायस' म्हटलं होतं. आईने चष्मा वर करून दोनदा वाचलं आणि विचारलं, "जेवणाआधी घ्यायचं की नंतर?"

अगदीच काही सुचलं नाही तर इंजिनिअरांकडे बघा. 1950 च्या दशकापासून ते हव्या तशा पण कुठेच न मिळणाऱ्या पदार्थाला थट्टेने 'अनऑब्टेनियम' म्हणत आले आहेत. 2009 च्या 'अवतार' चित्रपटात हीच थट्टा गंभीर चेहऱ्याने खनिजाचं नाव म्हणून वापरली, किलोला दोन कोटी डॉलर भाव लावला आणि जगभर कुणी तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत. तुम्ही 'अप्राप्यम्' ठेवून बघा.

मग गुणधर्म. ते आधी ठरवून ठेवणं हा नवशिक्यांचा दोष. नायक ज्या प्रकरणात अडकेल, त्या प्रकरणात लागेल तो गुणधर्म. अमेरिकन कॉमिकमधला व्हायब्रेनियम नावाचा काल्पनिक धातू 1966 सालापासून हेच करत आलाय. कृतीची तर चिंताच नको. त्याच कॉमिकांतला नायक कॅप्टन अमेरिका, त्याची ढाल ज्या मिश्रधातूची, तो तयार होत होता तेव्हा शास्त्रज्ञाला डुलकी लागली होती. जागा झाला तेव्हा धातू तयार, आणि तो कसा झाला हे त्याला पुन्हा कधीच कळलं नाही. ओळीत सांगायचं तर : लेखक झोपला, धातू जमला. आपल्याकडे दही असंच लागतं.

धातू आकाशातून पाडायचा असेल तर जरूर पाडा, पण त्याआधी जहांगीर वाचू नका. 1621 साली जालंधरजवळ उल्का पडली. बादशहाने त्या लोखंडाची हत्यारं घडवायला सांगितली, तर ते हातोड्याखाली टिकेना, तुकडे पडायला लागले. शेवटी तीन भाग आकाशातलं आणि एक भाग बाजारातलं लोखंड मिसळलं, तेव्हा कुठे तलवारी झाल्या. हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय! दिव्य धातूला भेसळ लागते, हे कबूल करणारा माणूस बादशहा म्हणून ठीक, कादंबरीकार म्हणून त्याला भवितव्य नव्हतं.

खरी कसोटी दुर्मीळपणाची. इथे आद्य गुरू ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो. अटलांटिस या समुद्रात बुडालेल्या कथेतल्या बेटाच्या वर्णनात त्याने ओरिकॅल्कम नावाचा धातू आणला. किंमत सोन्याच्या खालोखाल, राजधानीच्या आतल्या तटाला त्याचा मुलामा, त्याची लालसर झळाळी. आणि मग सहज एक वाक्य टाकलं, की आता या धातूचं फक्त नाव उरलंय. काय माणूस आहे! एका वाक्यात नमुना मागणाऱ्यांची तोंडं बंद. हे वाक्य जसंच्या तसं उचला.

पण प्लेटोचंही नशीब बघा. पुढे रोमन लोकांनी हेच नाव लावलेल्या धातूची नाणी पाडली, तीही सोन्याचांदीखालची, बाजारहाटाची. आणि 2015 च्या जानेवारीत सिसिलीतल्या जेला गावाजवळच्या समुद्रातून, सुमारे 2600 वर्षांपूर्वी बुडालेल्या जहाजाच्या जागेवरून, 39 लगडी वर काढल्याची बातमी आली. हेच ते ओरिकॅल्कम, असं म्हणत त्या तपासल्या. तांबं 75 ते 80 टक्के, जस्त 15 ते 20 टक्के. म्हणजे पितळ. तेवीसशे वर्षं झाकून ठेवलेलं पितळ असं शब्दशः उघडं पडलं. देवांच्या तटबंदीला जो मुलामा होता, त्या जातीच्या पातेल्याला आमच्या आजीने कल्हई लावून घेतल्याशिवाय ताक ठेवलं नसतं. कळकतं.

तेव्हा धातू समुद्रात बुडवू नका, समुद्र परत करतो. धातू एखाद्या हुशार तरुणाच्या हातीही लागू देऊ नका. अ‍ॅल्युमिनियमचं काय झालं ते आठवा. पृथ्वीच्या कवचात सगळ्यात जास्त असलेला धातू हा, पण मातीतून सुटा करता येईना म्हणून राजेशाही. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन, त्याच्या राजपुत्राचा खुळखुळा अ‍ॅल्युमिनियमचा होता. 1884 मध्ये वॉशिंग्टनच्या स्मारकाच्या टोकावर याच धातूचा जेमतेम पावणेतीन किलोचा कळस मोठ्या मानाने बसवला. दोनच वर्षांनी अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू हे दोन तरुण, दोघंही 1863 साली जन्मलेले, एकमेकांना न विचारता वीज वापरून तो स्वस्तात वेगळा करून मोकळे झाले. भाव कोसळला, आणि राजपुत्राचा धातू आपल्या घरात 'जर्मनचं पातेलं' होऊन आला. लग्नात आहेर म्हणून दिलं तर सासरचे नाक मुरडतील असं पातेलं. तुमच्या राज्यात म्हणूनच पंचविशीच्या आतल्या, डोकं चालणाऱ्या सगळ्या मुलांना शापित करून टाका.

संत मंडळींना तर पायरीवरही उभं करू नका. महिपतींच्या 'भक्तविजया'त परिसा भागवतांची गोष्ट आहे. त्यांच्याकडे रुक्मिणीने दिलेला परीस. तो नामदेवांच्या घरी पोचला, आणि नामदेवांनी तो सरळ चंद्रभागेत टाकला. परिसा भागवतांनी आकांत मांडला तेव्हा नामदेवांनी पाण्यात हात घालून ओंजळभर खडे काढून दिले : यातला तुमचा कोणता तो ओळखा. सगळेच परीस! अहो, जिथे नदीकाठचा प्रत्येक खडा परीस, तिथे शोधयात्रेला निघायचं कुणी आणि कशाला? महायुद्ध नाही, राजकन्या नाही, दुसरा खंडसुद्धा नाही. कथानकाचा असा निकाल लावणारं पात्र हस्तलिखिताच्या आसपास फिरकता कामा नये.

आता उरला किरकोळ भाग : हे सगळं खणायचं कुणी? खाणकामगार लागतात, पण ते दिसू देऊ नका. आवाज चालेल. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्किनकडून शिका. मिथ्रिल हा त्याचा मौल्यवान धातू खणला बुटक्यांनी, फार खोल गेले, खालून अग्निराक्षस निघाला आणि त्यांची राजधानी गेली. का? तर ते हावरट होते. चिलखत मात्र ज्याने कुदळ कधी उचलली नाही अशाच्या अंगावर. त्याची किंमत अख्ख्या शायर या त्याच्या प्रांताहून जास्त आहे, हे ते घालणाऱ्या बिल्बोला कुणी सांगितलंसुद्धा नाही, त्यामुळे तो निर्मळ राहिला. हाव खणणाऱ्याची, चमक घालणाऱ्याची, ही वाटणी एकदा नीट बसली की पुढे मजुरीचा हिशेब विचारायला कुणी येत नाही. खबरदारी म्हणून पान बारावरच डोंगर खचवा.

आणि हे लिखाण मोबाइलवर करत असाल तर त्याच्या बॅटरीत बहुधा कोबाल्ट असेल. जर्मन खाणवाल्यांना चांदीसारखं दिसणारं खनिज सापडायचं. भट्टीत घातलं की चांदी नाही, आर्सेनिकचा विषारी धूर यायचा. ही करणी खाणीतल्या कोबोल्ड नावाच्या भुतांची, म्हणून धातूला त्यांचं नाव पडलं. आज जगातला निम्म्याहून जास्त कोबाल्ट काँगोमधून येतो, आणि तिथे काही ठिकाणी माणसं, पोरंही, हाताने बिळं खणून तो काढतात. हे कादंबरीत घालू नका. वाचक म्हणेल, अद्भुतात एवढी अतिशयोक्ती बरी नाही.